चंपकेच्या अंगणातल्या कोंबड्या

फार पूर्वी अश्मक देशात, पोतन नगरीत एक न्यायी राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने नगरीपासून दोन योजने दूर, गोदावरीच्या काठी वसलेल्या कुरवक गावात एका बुरडाच्या घरी जन्म घेतला होता. आईबापांनी त्याचे नाव वेणुदत्त ठेवले. वयात येताच त्याने बापाची कोयती हाती घेतली, आणि टोपल्या, सुपे, कणग्या, कोंबड्यांची डालगी विणण्यात त्याचे दिवस जाऊ लागले. काठी चिरण्याआधी तो ती बराच वेळ हातात फिरवून पाही. माणसांच्या बाबतीतही त्याची हीच रीत होती. आधी नीट पाहायचे, मग बोलायचे. तो थोडेच बोले, पण त्याचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे.

त्याच गावात सामा नावाची एक विधवा राहत होती. तिचा नवरा नावाडी होता. एका पुरात नाव उलटली आणि तो परत आला नाही. मूलबाळ नव्हते. पुढे सासूही अंथरुणाला खिळली. जाण्याआधी तिने आपल्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, सामेच्या स्वाधीन केल्या आणि म्हणाली, "मुली, यांना जप. या तुला कोणापुढे हात पसरू देणार नाहीत."

सामेने त्या जपल्या. चार वर्षांत सहाच्या चाळीस झाल्या. अंडी देऊन ती विणकराकडून लुगडे घेई, तेल्याकडून तेल घेई, आणि कोणाच्या घरी बाळंतीण असली तर न मागता दोन अंडी नेऊन देई. प्रत्येक कोंबडीला तिने नाव ठेवले होते. पिसांवर पांढरे ठिपके असलेली ती चांदणी. दाण्यावर सगळ्यांच्या आधी झेप घेणारी ती उतावळी. दरवर्षी खुडूक होऊन बसणारी आणि दुसऱ्यांची अंडीही तितक्याच मायेने उबवणारी ती मावशी. दिवसभर सामा त्यांच्याशी बोलत राही. बोलता बोलता घरात आपण एकट्याच आहोत याचा तिला विसर पडे.

एका आषाढात मुंगूस कुडाच्या फटीतून आत शिरले आणि तीन कोंबड्या मारून गेले. सकाळी सामेने दार काढले तेव्हा आत पिसे विखुरली होती आणि बाकीच्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून थरथरत होत्या. त्या दिवशी तिने अन्न घेतले नाही. दुसऱ्या दिवशी ती नदीवर गेली आणि चिकण माती वाहून आणू लागली.

तिने खुराड्याला हातभर जाडीच्या भिंती घातल्या. आतली भूमी दोन वीत खणून खोल केली, म्हणजे पिल्लांना ऊब राहील. छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट शेणमातीने लिंपून घेतली. एकच दार ठेवले, तेही इतके बुटके की आत जायचे तर गुडघ्यांवर रांगावे लागे. मुंगूस तर राहोच, मुंगीलाही वाट राहिली नाही. गावातल्या बाया पाहायला आल्या. कोणी म्हणाली, "हे खुराडं कसलं, हे तर राजाचं कोठार!" सामा दमली होती, पण ते ऐकून तिला बरे वाटले.

पाहायला आलेल्यांत चंपकाही होती. गावाच्या टोकाला वेळूचे एक मोठे बेट होते. ते बेट आणि त्याला लागून असलेली झोपडी या म्हातारीची. गावातली अर्धी माणसे तिच्याच हातात जन्मली होती. तरी तिला कोणी जवळ करीत नसे, कारण तिची जीभ फार तिखट होती. तिने बुटक्या दारातून डोके आत घातले, एकदा वास घेतला, आणि सामेकडे वळून म्हणाली, "इतकं कोंडून ठेवशील तर जगायच्या नाहीत गं या."

एवढे बोलून ती काठी टेकत निघून गेली. बायांनी एकमेकींकडे पाहिले. सामेच्या काळजात काहीतरी रुतल्यासारखे झाले.

श्रावण लागला. पावसाची झड लागून राहिली. मुंगसाच्या भीतीने सामा दिवसाही कोंबड्या बाहेर सोडीनाशी झाली. ती दार किलकिले करून आत दाणे फेकी आणि लगेच दार ओढून घेई. पहिल्यांदा अंडी कमी झाली. मग जी येत त्यांचे कवच इतके पातळ असे की हातात घेताच चेपे. मग आतून घरघर ऐकू येऊ लागली, जणू कोणी ओल्या नळीतून फुंकत आहे. कोंबड्यांचे डोळे चिकटले, तुरे फिके पडले. एके सकाळी उतावळी मान टाकून पडलेली दिसली. दोन दिवसांनी आणखी चार गेल्या. सामेला वाटले, गार वारा लागतो आहे. तिने दाराच्या फटीतही चिंध्या कोंबल्या. त्यानंतर तर रोजच एक-दोन जाऊ लागल्या.

मावशी गेली त्या दिवशी सामा तिला उराशी धरून अंगणात बसून राहिली. तिला राहून राहून ते शब्द ऐकू येत होते, 'जगायच्या नाहीत गं या.' पाणवठ्यावर एका शेजारणीने विचारले, "एवढं झालं तरी काय?" तेव्हा सामेच्या तोंडून निघून गेले, "म्हातारीनं माझ्या दारात उभं राहून शाप दिला."

ती बोलून गेली. सूर्य मावळायच्या आत ते साऱ्या गावाचे झाले. कोणाला आपली आटलेली गाय आठवली, कोणाला आपला ताप. भूतपाल नावाचा त्या गावचा ग्रामणी, म्हणजे गावप्रमुख, होता. त्याने पिंपळाखाली सभा बोलावली आणि चंपकेला विचारले, "तू असं म्हणालीस का?"

"म्हणाले," चंपका म्हणाली.

"का म्हणालीस?"

"दिसलं ते म्हणाले. तुम्हाला दिसत नाही तर मी काय करू?"

एवढ्याने सभा खवळली. तीन दिवसांत म्हातारीने गाव सोडावे असे ठरले. सामा मागे बसली होती. तिला समाधान वाटायला हवे होते, पण चंपका काठी टेकत एकटी घराकडे निघाली तेव्हा सामेने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी उरलेली पिल्ले वेगळी ठेवण्यासाठी डालगे हवे म्हणून ती वेणुदत्ताच्या अंगणात गेली. तो कांबी सोलत बसला होता. इतक्यात ग्रामणीही तिथे आला. सामाच फिर्यादी असल्यामुळे त्याने तिच्यादेखत बोलायला संकोच केला नाही.

"वेणुदत्ता, म्हातारी गेली की तिचं बेट धन्याविना पडेल. मी ठरवलं आहे, ते तुला द्यायचं. आजवर दर काठीमागे तिला विचारावं लागत होतं. आता तुझी पोरं, नातवंडं त्यावर जगतील. काल सभेत तू गप्प होतास. उद्या निघताना तिनं गाऱ्हाणं केलं, तर तेव्हाही तसाच गप्प राहा, एवढंच."

वेणुदत्ताने हातातली कांब खाली ठेवली. "ग्रामणी, काल मी गप्प होतो, कारण मी अजून काही पाहिलं नव्हतं. त्या बेटातली पहिली काठी माझ्या बापानं तोडली, तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो. त्या साली पूर आला होता आणि आमच्या घरात दाणा नव्हता. म्हातारीनं विचारलं, किती काठ्या लागतील? बाप म्हणाला, दहा. ती म्हणाली, वीस ने, आणि ओरडली, कोवळ्या तोडल्यास तर बघ! त्या वीस काठ्यांवर आमचं घर उभं राहिलं. तिचं बेट मी घेतलं, तर पुढे जी टोपली विणीन ती मला हातात धरवायची नाही."

ग्रामणीचा चेहरा उतरला. तो काही बोलण्याआधीच वेणुदत्त सामेकडे वळला. "सामा, उद्या पहाटे, दार उघडायच्या आधी, मला तुझं खुराडं दाखवशील? आणि ग्रामणी, तुम्हीही या. न्याय करणाऱ्यानं जागा पाहिलेली बरी."

झुंजुमुंजू झाले तेव्हा तिघेही सामेच्या अंगणात उभे होते. वेणुदत्त म्हणाला, "ग्रामणी, आपण दोघं आत बसू. दार बाहेरून लावून घेऊ. शंभर श्वास मोजू आणि बाहेर येऊ."

"एवढंच?" ग्रामणी हसला आणि रांगत आत गेला. सामेने दार ओढून घेतले आणि कान देऊन ती उभी राहिली. आतून आकडे मोजल्याचा आवाज आला. विसाच्या पुढे तो अडखळला, मग खोकला ऐकू आला, मग दारावर धपाधप हात बसले. तिने दार उघडले तसा ग्रामणी बाहेर कोसळला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि घसा आवळून आला होता. वेणुदत्त मात्र शंभर पुरे करूनच निघाला. त्याचेही डोळे लाल झाले होते. त्याच्या दोन्ही हातांत चांदणी होती, आणि ती चोच उघडी ठेवून धापा टाकत होती.

"ग्रामणी, तुम्ही तीस श्वासही घेऊ शकला नाहीत," तो म्हणाला. "या संध्याकाळपासून सकाळपर्यंत हेच घेतात. आता दिवसाही."

मग त्याने आतला भुसा मूठभर उचलून आणला. तो चिखलासारखा त्याच्या बोटांना चिकटला. भूमी खोल असल्यामुळे बाहेरचे पाणी पाझरून आत येत होते, आणि विष्ठेचा उग्र वास बाहेर जायला वाट नव्हती. पाण्याचे परळ विष्ठेने भरले होते. त्याने कणीचे मडके उजेडात आणून सामेच्या नाकापुढे धरले. तळाशी हिरवट काळी बुरशी चढली होती. "तू हे खाशील का?" त्याने विचारले.

सामेने मडक्यात डोकावून पाहिले, मग भिंतींकडे पाहिले. "म्हणजे मीच मारल्या का त्या? या भिंती मी माझ्या हातांनी घातल्या, दादा!"

"तू त्यांना मुंगसापासून वाचवलंस," वेणुदत्त म्हणाला. "मुंगूस डोळ्यांना दिसलं, त्याला तू दार लावलंस. कोंडलेला वारा डोळ्यांना दिसत नाही. न दिसलेल्याला कोण दार लावणार? आता मला सांग, चंपका आत्या त्या दिवशी काय म्हणाली? शाप दिला असं नको सांगू. तिचे शब्द सांग."

सामा सांगू लागली. "ती म्हणाली, इतकं कोंडून ठेवशील तर..." आणि ती तिथेच थांबली. तिने हात तोंडावर धरला.

ग्रामणी डोळे पुसत उभा होता. सभेत सर्वांसमोर दिलेला निवाडा मागे घेणे त्याला जड जात होते. "हे तुझं शहाणपण झालं, वेणुदत्ता," तो म्हणाला. "तिच्या शब्दांत विष नव्हतं, हे कशावरून?"

"कोंबड्या तिच्याच अंगणात नेऊन ठेवू. आज पौर्णिमा आहे. अमावास्येपर्यंत त्या तिच्या नजरेखाली राहतील. तिच्यात विष असेल तर एकही वाचायची नाही. तसं झालं, तर तिच्याबरोबर मीही गाव सोडीन."

ग्रामणीने ते मान्य केले. सामेला मात्र ते कठीण होते. ज्या बाईवर तिने आळ घेतला, तिच्याच दारात जाऊन आपले सगळे सोपवायचे होते. ती दारात उभी राहिली तेव्हा चंपका निवडत असलेल्या पाल्यावरून मान वर करीना. वेणुदत्तानेच सारे सांगितले.

"मला कुणी विचारलं का, माझ्या अंगणात कोंबड्या हव्यात की नको ते?" चंपका म्हणाली.

"आता विचारतो आहे, आत्या."

म्हातारीने सामेच्या हातातल्या डालग्याकडे पाहिले. चांदणी आत डोळे मिटून बसली होती. चंपकेने पाला बाजूला सारला. "आण इकडे. आणि उभी काय राहिलीस? राख आण चुलीतली."

त्या दिवशी वेणुदत्ताने बेटातल्या जुन्या, पक्क्या काठ्या तोडल्या आणि उंचवट्यावर, जिथे सकाळचे ऊन येते तिथे, गुडघाभर उंच खांबांवर खुराडे उभारले. तळाला त्याने चिरलेल्या कांबी बोटभर अंतर ठेवून बसवल्या, म्हणजे विष्ठा खाली पडेल आणि कोंबड्या कोरड्या राहतील. ज्या अंगाने पाऊस येतो त्या अंगाला दाट तट्टी लावली. बाकी तीन अंगांना खाली तट्टी आणि वर, वळचणीखाली, हातभर जाळीदार वीण ठेवली. सामा ते पाहून कासावीस झाली. "दादा, त्यातून मुंगूस शिरेल!"

"बोट घाल बरं," तो म्हणाला.

तिने घालून पाहिले. करंगळीसुद्धा जेमतेम शिरली.

"वारा शिरेल. मुंगूस नाही शिरायचं. दोन्ही जमतं, थोडी अधिक वीण घालावी लागते एवढंच."

आत त्याने बसण्यासाठी गुळगुळीत केलेल्या जाड काठ्या आडव्या बांधल्या, सगळ्या एकाच उंचीवर, म्हणजे वरच्या जागेसाठी भांडणे नकोत. अंड्यांसाठी अंधाऱ्या कोपऱ्यात गवताची टोपली ठेवली. ज्या कोंबड्या अगदीच मलूल होत्या त्यांच्यासाठी दूर, बेटाच्या पलीकडे, वेगळे डालगे मांडले.

खाण्यापिण्याचे मात्र चंपका पाही. आधी तिने बुरशी आलेली कणी खड्डा खणून पुरली. मग कोरडी नाचणी, उन्हात तापवलेली कणी आणि कोंडा असे कालवून ते दगडाच्या उंच पन्हळीत घातले. "खाली फेकायचं नाही," ती सामेला म्हणाली. "जेवायचं ताट कोणी उकिरड्यावर मांडतं का?" पाण्याच्या परळावर तिने कांबींची टोपली उपडी ठेवायला लावली. त्यातून चोच आत जाई, पाय जात नसत. सकाळ-संध्याकाळ ती परळ घासून घ्यायला लावी. सामेला नदीवर पाठवून तिने शिंपले आणवले आणि कुटून वेगळ्या वाटीत ठेवले. "अंड्याचं कवच कशाचं होतं असं वाटलं तुला? वाऱ्याचं?" बेटातून ती वाळवीचे वारूळ फोडून आणी आणि अंगणात झटके. कोंबड्या त्यावर तुटून पडत. झोपडीच्या पाखाखाली तिने राख आणि कोरडी माती मिसळून ढीग केला. आधी कोंबड्या त्याच्याभोवती नुसत्या फिरल्या. मग एकीने त्यात अंग टाकले, पंख फडफडवून राख उधळली, आणि तिच्या पिसांतल्या उवा झडू लागल्या.

सामा हे सगळे करीत होती आणि मनात लाजत होती. म्हातारीचा प्रत्येक शब्द बोचरा होता, आणि प्रत्येक शब्दात एक काम होते. ते काम केले की कुठल्यातरी कोंबडीला बरे वाटे.

तरीही तिसऱ्या दिवशी वेगळ्या डालग्यातल्या दोन कोंबड्या गेल्या, आणि त्यांत चांदणी होती. ग्रामणीला हे कळताच तो चार माणसे घेऊन आला. "झालं ना मी म्हणत होतो ते? सामा, तू फिर्यादी. तू शब्द टाक, म्हणजे आजच हे संपेल."

सामेने वळून पाहिले. चंपका डालग्याजवळ बसली होती. चांदणी तिच्या मांडीवर होती. म्हातारीने पहाटेपासून तिला बोटाने थेंब थेंब पाणी पाजले होते. आता ती तिच्या पिसांवरून हात फिरवत होती, आणि काहीच बोलत नव्हती. चंपकेला गप्प बसलेले सामेने प्रथमच पाहिले.

वेणुदत्त बेटाजवळ उभा होता. उत्तर सामेकडून हवे होते.

"या दोघींनी माझ्या घरीच मान टाकली होती," सामा म्हणाली. "इथं आल्यापासून दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. अमावास्येला अजून बारा दिवस आहेत, ग्रामणी. ठरलं ते ठरलं."

ग्रामणी माणसे घेऊन परत गेला. चांदणीला त्यांनी दूर, पाण्यापासून लांब, खोल खड्ड्यात चुना घालून पुरले. माती लोटताना चंपका एवढेच म्हणाली, "चांगली होती गं." सामेला रडू फुटले, आणि कितीतरी दिवसांनी तिला ते रडणे हलके वाटले.

त्यानंतर एकही गेली नाही. आठव्या दिवशी घरघर थांबली. दहाव्या दिवशी तुऱ्यांवर लाली आली, आणि महिनाभर मुका झालेला कोंबडा वेळूच्या बेटाकडे तोंड करून असा आरवला की नदीपलीकडच्या गुराख्यांनी माना वळवल्या. तेराव्या दिवशी गवताच्या टोपलीत एक अंडे सापडले. सामेने ते बोटांनी दाबून पाहिले. कवच पक्के होते.

अमावास्येला पिंपळाखाली पुन्हा सभा भरली. ग्रामणीने काही विचारण्याआधीच सामा उठली. बाया सभेत आपण होऊन बोलत नसत, म्हणून सगळे तिच्याकडे वळले.

"शाप कोणी दिला नव्हता," ती म्हणाली. "आत्यानं मला सावध केलं होतं. मला ते ऐकायचं नव्हतं, कारण भिंती मी घातल्या होत्या. माझ्या मेलेल्या कोंबड्यांचं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं आणि तुम्ही सगळ्यांनी ते उचलायला मदत केलीत. ज्या कोंबड्या उरल्या, त्या तिच्या हातानं उरल्या. मला हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं, म्हणून मी उभी राहिले."

ती चंपकेपाशी गेली आणि तिच्या पायांवर डोके ठेवले. म्हातारी गोंधळून गेली. तिने पाय मागे ओढले, मग सामेचे केस चाचपले. "ऊठ. तूही काही फार चुकली नाहीस," ती पुटपुटली. "मी नीट सांगायला हवं होतं. झरोका ठेव, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझ्या जिभेला ते जमत नाही."

"आत्या, तुझ्या हातांना जमतं," सामा म्हणाली. तिला हसू आले आणि म्हातारीलाही.

मग सभेतून एक एक जण उठू लागला. कोणी सांगितले, जन्माच्या वेळी माझा पाय आडवा आला होता तेव्हा आत्याने मला जिवंत बाहेर काढले. कोणी सांगितले, माझ्या आईला तिने वाचवले. चंपका ऐकत होती. शेवटी ग्रामणी उठला. त्याने घसा साफ केला आणि तो वेणुदत्ताला म्हणाला, "माझ्या आईच्या कोंबड्याही खोकतात. तसलं एक खुराडं मला करून देशील?"

"देईन," वेणुदत्त म्हणाला. "काठ्या मात्र तुम्हाला आत्याकडे मागाव्या लागतील."

सगळी सभा चंपकेकडे पाहू लागली. ग्रामणी तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. चंपकेने त्याला पुरेसा वेळ तसाच उभा ठेवला आणि मग म्हणाली, "किती लागतील?"

"दहा."

"वीस ने. आणि कोवळ्या तोडल्यास तर बघ!"

त्या वर्षी वेणुदत्ताने घरोघर जाऊन खुराडी बांधून दिली. ज्याला बांधून हवे त्याला बांधून दिले, ज्याला शिकायचे त्याला शिकवले, आणि बेटाची राखण करायची पाळी गावाने आपसांत वाटून घेतली. सामेने आपल्या मातीच्या भिंती पाडल्या. ती माती चंपकेच्या झोपडीभोवती टाकून तिने ओटा केला, आणि पुढे म्हातारी असेपर्यंत दोघी एकाच चुलीवर जेवल्या. आयुष्य सरल्यावर बोधिसत्त्व आणि ती सगळी माणसे आपापल्या कर्मानुसार पुढच्या गतीला गेली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा एका वर्षावासाच्या अखेरीस विहारात सांगितली. वासुला नावाच्या तरुण भिक्षुणीला वृद्ध भिक्षुणी भद्रावती हिने एकदा कठोर शब्दांत तिचा दोष दाखवला होता. वासुलेला तो अपमान वाटला आणि तिने संघापुढे गाऱ्हाणे केले. विहाराला दान देणाऱ्या सोमिल गृहपतीनेही तेव्हा भद्रावतीला दोष दिला होता. पुढे त्या शब्दांनीच आपण सावरलो हे तिच्या ध्यानात आले, तेव्हा ती सर्वांसमोर उठली, तसे बोलली आणि त्या वृद्धेच्या पाया पडली. भिक्षू याचे नवल करू लागले, तेव्हा शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, या दोघींमध्ये हे आजच घडले असे नाही. पूर्वीही असेच घडले होते." आणि मागची कथा सांगून त्यांनी जन्मांची जोड लावून दिली. "त्या वेळची सामा म्हणजे आताची वासुला. चंपका म्हणजे ही भद्रावती. ग्रामणी भूतपाल म्हणजे दाराशी बसलेला सोमिल गृहपती. मरता मरता वाचलेल्या त्या कोंबड्या म्हणजे आज इथे जमलेली ही परिषद. आणि बेट नाकारणारा तो वेणुदत्त बुरूड मीच होतो."

हे ऐकून सोमिल गृहपती आपल्या जागेवरून उठला, भद्रावतीपाशी गेला आणि त्याने तिला हात जोडले. तिने आपल्या आसनासमोर त्याला बसायला जागा करून दिली.

दुसऱ्याकडून आपल्याला काय मिळाले ते ओळखावे, आणि ओळखल्यावर ते चार माणसांत उभे राहून सांगावे. या कथेतून शास्त्यांनी जो गुण दाखवला, तो हा. त्याचे नाव कृतज्ञता.